वाचकांचे प्रश्न : हळू वेगात हेलकावे खाणारी पद्मिनी

प्रश्न : माझी 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. नवी पेठेतल्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर, 20-25 च्या वेगात ॲक्सिलरेटर एकाच जागी धरला की गाडी जोर धरते, सोडते, पुन्हा धरते. विजापूर रोडवर 50 च्या पुढे मात्र छान चालते. आयडलिंगही ठीक आहे. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य नोझल) बदलला, फरक पडला नाही. काय करू? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्या वेगात मेन जेट जवळजवळ कामच करत नाही. बटरफ्लाय, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्बोरेटरमधली झडप, जेमतेम उघडलेला असतो. पेट्रोल स्लो जेटमधून, म्हणजे कमी वेगासाठीच्या लहान जेटमधून, येऊन बटरफ्लायच्या कडेजवळच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. ते कमी पडलं की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन मिस होतं आणि हेलकावे सुरू होतात. आयडलिंग ठीक आहे, म्हणजे संशय आधी या छिद्रांवरच.

गाडी हेलकावत असताना चोक किंचित ओढून पाहा. ती सुधारली, तर मिश्रण पातळच आहे. नाही सुधारली, तर पॉइंट, प्लग आणि टायमिंग तपासा.

स्लो जेट काढून, क्लीनर मारून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंका. छिद्रांनाही हवा द्या. तार मुळीच घालू नका, जेटचं माप बिघडतं. मिक्सचर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरी उघडा आणि गरम इंजिनावर नीट सेट करा.

मग बाहेरून घुसणारी हवा शोधा. इंजिन चालू ठेवून सिरिंजने कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगवर थोडं पाणी सोडा. डिस्ट्रिब्युटर कोरडा ठेवा. आवाज बदलला, तर गळती तिथेच. पेट्रोल फवारून ही तपासणी कधीही करू नका, आग लागेल. नट जास्त आवळल्याने फ्लँज, म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाची सपाट कड, वाकते. कार्बोरेटर काढून तिच्यावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा. फट दिसली, तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करा आणि नवं, एकच पॅकिंग बसवा. अनेकदा पॅकिंगवर पॅकिंग चढवलेलं असतं, त्याने काहीच साधत नाही.

एवढं करूनही थोडा हेलकावा उरला, तर कारण पेट्रोलमध्ये असू शकतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलवाल्याला साधारण 13.5. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ पडतं. स्लो जेट एक नंबर मोठा, 45 असेल तर 50, लावून पाहा.

बटरफ्लायचा स्पिंडल (ज्यावर तो फिरतो तो दांडा) बोटांनी वरखाली हलवा. खेळ जाणवला, तर लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या. तिथून हवा शिरत असताना कुठलंच सेटिंग टिकणार नाही.