‘पोरीच्या हाडांना काही होणार नाही ना?’

लंडनजवळच्या स्लाउमधल्या आपल्या घरांतून हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा लिहूनच टाकते. मुलं विद्यापीठात गालाच्या आतून काडी फिरवून स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, देणाऱ्या दात्यांमध्ये नाव नोंदवतात. पुढे कधीतरी पत्र येतं, ‘एका रुग्णाशी तुमचं जुळतंय’, आणि घरात रडारड सुरू होते.

अशाच एका घरात आईच्या हातून पत्र डाळींच्या डब्यांमागे गेलं होतं. संस्थेचा फोन आला तेव्हा बावीस वर्षांच्या लेकीला कळलं.

“मणक्यातून काढतात ना, ताई? उद्या लग्न, बाळंतपण...” आईने सुरुवातच केली.

मी सांगितलं, मणक्याला कुणी हात लावत नाही. १० पैकी ९ दाते हाताच्या शिरेतून देतात. चारेक दिवस इंजेक्शनं, त्याने हाडं दुखतात, डोकं दुखतं. मग यंत्राला जोडून काही तास बसायचं. उरलेल्यांना भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर, काढतात, ती काही आठवड्यांत भरून येते. आई मान डोलवत होती. पटलं काहीच नव्हतं.

माहिती दिली की भीती नुसती जागा बदलते, हे मी कामातच शिकले. म्हणून मी विचारलं, “पत्र फाडून का नाही टाकलंत तुम्ही?”

बराच वेळ आई आपल्या पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या.

“फाडवेना. पण नाव घालताना मला कुणी विचारलं? आणि नंतर पोरगी अंथरुणावर पडली तर वरण-भात कोण भरवणार?”

“आई, तू नाहीच म्हणाली असतीस,” लेक म्हणाली.

“म्हटलंच असतं. पण तेव्हा म्हटलं असतं!”

मी पेन खाली ठेवलं. ज्या बाईला समजवायला मी बसले होते, तिने नेमकं मर्म सांगितलं होतं. काडी फिरवण्याआधीच्या नकाराने कुणाचं बिघडत नाही. नाही म्हणायचा हक्क पुढेही असतोच. पण प्रत्यारोपणाआधी जोरदार केमो देऊन रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट करतात. त्यानंतर दात्याने पाय मागे घेतला तर रुग्णाच्या जिवावर बेततं.

आणि आपला नकार जास्त महागात पडतो. ही जुळणी रक्तगटाची नाही, पेशींवरच्या, आईवडिलांकडून आलेल्या खुणांची असते. सख्ख्या भावंडाशी ती जुळायची शक्यता ४ मध्ये १. नाहीतर परका दाता शोधायचा, आणि तो बहुधा आपल्याच मुलखातल्या वंशाचा निघतो. ब्रिटनच्या यादीत मात्र बहुसंख्य गोरे युरोपीय.

दात्यांची यादी ठेवणाऱ्या अँथनी नोलन संस्थेत १६ ते ३० वयात नाव घालता येतं. मुलांनो, घरच्यांची परवानगी लागत नसली तरी आधी आईशी बोला. तिची भीती तेव्हाच ऐकून घ्या, पुरती. पत्ता बदलला तर संस्थेला कळवा.

त्या मुलीची वेळ आली नाही. दुसरा दाता जास्त चांगला जुळला. आईच जरा हिरमुसली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, “ताई, धाकटा सोळाचा झाला. त्याच्याशी बोलणं झालंय. काडी कुठून मागवायची?”