ल्यूव्हेनला रेनेसाँ संगीत शिकायला येऊ का? (उत्तर जरा लांबलंय)

तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची दिसतेस. तू लिहिलंयस की इतिहासात एमए झालंय, मोडी येते, पुण्यात कॉयरमध्ये गातेस, आणि आता नवरा आणि आठ वर्षांची लेक घेऊन इथे बेल्जियममध्ये, ल्यूव्हेनला येऊन रेनेसाँ म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपी संगीताचा सामाजिक इतिहास करायचा म्हणतेस, तर यावं का. व्हिसा, फी, बँक बॅलन्स सगळं युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

आधी विषयाचं. संगीत म्हणून कान तृप्त होतील अशा अपेक्षेने येऊ नकोस, इथे बहुतेक वेळ हिशेबाच्या वह्यांत जातो. पंधराव्या शतकाच्या शेवटी अँटवर्पच्या मोठ्या चर्चमध्ये व्यापारी वगैरे लोकांनी चालवलेलं एक मंडळ होतं, ते रोज संध्याकाळी मेरीच्या नावाने गाणं करवून घ्यायचं, आणि गायक, ऑर्गनवाला, घंटा वाजवणारा, सगळ्यांना पैसे द्यायचं. इथल्या बऱ्याच चर्चमध्ये हजेरीला शिशाचे बिल्ले मिळायचे, ते नंतर देऊन रोकड घ्यायची, दांडी मारली की बिल्ला नाही. मला हा विषय आवडला तो इथेच, ते दैवी वगैरे ऐकू येणारं संगीत कुणाच्या पगारावर उभं होतं ते पैन् पै दिसतं. लॅटिन लागेल, जुनी डच लागेल, आणि एक खाच लक्षात ठेव, ब्राबंटमध्ये, म्हणजे ल्यूव्हेन-अँटवर्पच्या ह्या भागात, तेव्हा वर्ष ईस्टरला बदलायचं, म्हणजे वहीत फेब्रुवारी १५०२ लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने तो १५०३. ज्याने मोडी कागदावरच्या शक आणि सुहूर सनाशी मारामारी केलीय त्याला हे जड नाही जाणार, इथल्या मुलांपेक्षा तू पुढेच असशील.

आणि हे गायक सगळे आपल्यासारखेच बाहेर पडलेले गं. इथल्या चर्चच्या शाळांत पोरं तयार व्हायची आणि इटलीतले दरबार त्यांना उचलायचे. १५०२ मध्ये इटलीतल्या फेराराच्या ड्यूकला त्याच्या माणसाने लिहिलेलं पत्र आहे, इझाक आणि योस्कां ह्या दोन संगीतकारांतला कोण घ्यावा त्याबद्दल, की इझाक घ्या, तो मिळून मिसळून राहतो, सांगाल तेव्हा रचना करून देतो, योस्कां चांगला आहे पण स्वतःच्या मनात येईल तेव्हाच रचतो, वर २०० डुकाट (सोन्याची नाणी) मागतोय, इझाक १२० मध्ये येईल. ड्यूकने योस्कांलाच घेतलं. एक वर्षभर राहिला, १५०३ मध्ये प्लेग आला आणि १५०४ मध्ये हा निघाला, त्याच्या जागी ओब्रेख्त हा संगीतकार गेला, अँटवर्पची नोकरी केलेला माणूस, तो १५०५ मध्ये तिथेच प्लेगने मेला. मी हे पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा माझा जॉब इंटरव्ह्यू आठवला, खोटं कशाला बोलू. आम्हीही १२० वालेच.

आता कागदपत्रं. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), शपथेचा अनुवाद हे सगळे सांगतात. जे कुणी सांगत नाही ते असं, की इथे बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्याच नावाने राहते. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, आणि डिग्रीवर वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. काउंटरवरच्या बाईला काही केल्या पटेना की ह्या दोघी एकच आहेत. त्यात पोलीस घरी येऊन बघून जातो तुम्ही खरंच तिथे राहता का, तो आला तेव्हा मी लेक्चरला, बेलवर नाव नवऱ्याचं. झालं, नोंदणी लटकली, तिच्यामागे इथे राहायचं कार्ड लटकलं. तेव्हा निघायच्या आधी नावाचं अ‍ॅफिडेव्हिट करूनच ये आणि बेलवर तुझं नाव आधी चिकटव.

लेकीचं मात्र नीट ऐक. आमची तुझ्या लेकीएवढीच होती, वर्षभरात फडाफडा डच बोलायला लागली, आम्ही निर्धास्त. इथे बाराव्या वर्षी मुलांच्या वाटा फुटतात, सहावीच्या शेवटी शाळा सांगते कुठल्या बाजूला घाला. तिचं गणित वर्गात चांगल्यातलं होतं, तरी आम्हाला सांगितलं की सोपी बाजू घ्या, घरी डच बोलत नाही ना तुम्ही. गोड आवाजात, कॉफी देऊन. तो सल्ला बंधनकारक नसतो, प्राथमिकचं सर्टिफिकेट मिळालं असेल तर तुम्ही तुमचं ठरवू शकता, हे आम्हाला तिथे कुणी बोललं नाही, शेजारणीकडून कळलं. आम्ही लॅटिनवाल्या बाजूला घातलं आणि ती मजेत आहे, माझ्या चुका काढते. तरी त्या शाळेसमोरून सायकल नेत नाही मी अजून. लासो नावाच्या सोळाव्या शतकातल्या संगीतकाराला साधारण त्याच वयाचा असताना इथल्या मॉन्स गावाहून इटलीला नेलं ते आवाजासाठी, घरी काय बोलतात कुणी विचारलं नसेल.

एकटेपणाचं विचारलंस. नोव्हेंबरात होतो, मार्चात जातो.

नोकरीचं विचारलं नाहीस, पण सांगते. पीएचडीचा फंड मला मिळाला नाही. मी औषधांच्या गोडाउनच्या ऑफिसात आहे, रजा टाकून अर्काइव्हला जाते, सासरी सांगितलंय की रिसर्च चालू आहे. चालूच आहे म्हणा. दुफे ह्या पंधराव्या शतकातल्या संगीतकाराने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मरताना आपलंच एक गाणं कानाशी गावं, त्यात त्याने स्वतःचं नाव घालून दया मागितलीय. १४७४ मध्ये तो गेला तेव्हा वेळच उरला नाही, ते नंतर गायले. असलं काही सापडतं म्हणून मी रजा टाकते, त्याचा पगाराशी संबंध नाही, आणि तू येणार असशील तर नवऱ्याशी हे आधीच स्पष्ट बोल.

लेक कितवीत आहे आणि सप्टेंबरला येणार की मधेच, ते कळव. मधे आणू नकोस शक्यतो.