पश्चिमेची खोली, एकच खिडकी: गडद निळा द्यावा की फिकट मोतिया?

मोतिया द्या. उत्तर एवढंच होतं, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "निळ्यानं खोली थंड राहते असं घरचे म्हणतात." आता मात्र राहवत नाही.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारात. वरची खोली अगदी तुमच्यासारखी, १० बाय १२, खिडकी पश्चिमेला. २०१४ च्या दिवाळीआधी रंगकाम काढलं तेव्हा धाकटे भाऊजी नेव्ही ब्लूवर हटून बसले. "वहिनी, निळा थंड असतो." रंगारी गुजराती, तोही म्हणाला, "बेन, बहु डार्क लागशे." ऐकतो कोण! मी गप्प बसले, चूक माझीच.

थंड म्हणे! मे महिन्यात इथे पारा ४२ ला टेकतो, स्लॅब रात्रीपर्यंत धगधगत असतो. आतल्या भिंतीचा रंग त्याला काय करणार? गच्चीवर पांढरा चुना फासा, फरक तिथे पडतो. निळ्यानं थंडावा दिला नाहीच, होता तो उजेडही गिळला. सासूबाई भरदुपारी ट्यूब लावून पोथी वाचायच्या. त्यात भाऊजींना चकचकीत फिनिश हवं होतं. जुनी उंचसखल भिंत, उजेड पडला की फुगवटा न् फुगवटा दिसे. खुर्ची घासली की पांढरा ओरखडा.

तीन वर्षांनी मीच मोतिया लावून घेतला. आधी प्रायमर, मग दोन हात, तरी कोपऱ्यांतून निळं डोकावायचं म्हणून तिसरा. एका हाताला लिटरमागे १२०-१४० चौरस फूट धरा, भिंती ४०० च्या आसपास. मजुरी वेगळी. ते पैसे भाऊजींकडून अजून यायचेत.

हां, एक राहिलं. रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी असेल तर गडद निळा खरंच बरा. आणि मोतियासुद्धा नुसत्या शेड कार्डावरून ठरवू नका. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा, संध्याकाळी पाचला बघा, उतरत्या उन्हात पिवळा दिसतो. रात्री ट्यूबमध्ये परत बघा.

भाऊजी हल्ली पाहुण्यांना सांगतात की रंगाऱ्यानं शेड चुकवली. ते कार्ड माझ्या कपाटात आहे. नेव्ही ब्लूभोवती पेनानं गोल, शेजारी त्यांच्याच अक्षरात "हाच".