आंबा नको, नारळ चालेल: आई-बाबांना पहिल्यांदा व्हिएन्नाला नेताना

ताई, मे महिन्यात आई-बाबांना व्हिएन्नाला भावाकडे न्यायचंय, दोघांचाही पहिलाच परदेश, आणि गुहागरहून हापूसची पेटी नेली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. मी माझ्या आई-वडिलांना याच शहरात नेऊन आणलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आंबा. पेटी अजिबात नेऊ नका. युरोपीय संघात ताजं फळ न्यायचं तर ते कीडमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, घरच्या पेटीला ते कुठून आणणार? फळमाशी सापडली म्हणून २०१४ साली त्यांनी आपल्या आंब्याची आयातच बंद केली होती, ती २०१५ मध्ये उठली. प्रमाणपत्रातून सूट फक्त नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना आहे. कढीपत्ताही नको. तूप, पेढे, दुधाचं काहीही नको. आमच्या आईने नातीसाठी कढवलेल्या तुपाची बरणी तिकडच्या तपासणीत काढून घेतली, ती त्या कचऱ्याच्या पिंपाकडे बघतच राहिली. तुमच्या आईंना हे आधीच समजावून सांगा.

नारळ न्यायचा असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. सुकं खोबरं मात्र बॅगेत ठेवूच नका, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्याला मनाई आहे. आंबापोळी, फणसपोळी, अमसुलं, मेतकूट, भाजणी खुशाल न्या. सुके बोंबील, सोडे चालतात, पण तीन पिशव्यांत गुंडाळा. कोकमाच्या आगळाची बाटली मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काही नेता येत नाही. खोबरेल तेल रुंद तोंडाच्या डबीत घ्या. मेमध्येही तिथली सकाळ आपल्या पौषासारखी असते, बाटलीतलं तेल गोठतं आणि बाहेर येत नाही.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागतं. काजू सोलता-फोडताना चीक लागून बोटांची कातडी जाते, मग यंत्र ठसे घेत नाही. वडिलांचे चार वेळा घ्यावे लागले. म्हणून काजूचा हंगाम चढायच्या आत, जानेवारीतच तारीख घ्या, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

आता पाय. आपली माणसं जांभ्याच्या पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढतात, पण चपलेवर. वडिलांनी नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घातले आणि तिसऱ्या दिवशी टाचेला रुपयाएवढा फोड. पुढचे दोन दिवस घरात. बूट महिनाभर आधी घ्या आणि बाजारात जाता-येता घालायला लावा. शोनब्रुन राजवाड्याला एक अख्खा दिवस ठेवा, बाग फुकट आहे आणि बाकं भरपूर. त्याच सहलीत प्राग, बुडापेस्ट उरकायचा मोह आवरा. मला तरी म्हाताऱ्या माणसांना रोज बॅगा भरायला लावणं पटत नाही.

मेट्रोला फाटक नसतं, म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. कागदी तिकीट घेतलंत तर आत शिरताना निळ्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही शंभर युरोंच्या वर दंड. रविवारी दुकानं बंद, भाजी-दूध शनिवारीच भरा. कार्ड वापरताना यंत्र रुपये की युरो विचारतं, युरोच निवडा, रुपयांत फार महाग पडतं.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. १८७३ पासून त्या शहराला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. वडिलांनी नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला आणि म्हणाले, "हे तर आपल्या पऱ्ह्याचं पाणी!" (पऱ्ह्या म्हणजे आमच्याकडचा डोंगरातला ओढा.) मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येतो, त्यामुळे ते रोज त्या नळाशी जरा जास्तच वेळ उभे असायचे.

शेवटचं, चिपळूणहून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा. मेमध्ये चाकरमान्यांची परतीची गर्दी असते. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. ठशांची तारीख मिळाली की कळवा, कागद कोणत्या क्रमाने लावायचे ते सांगतो.