हिरायथ आणि आपली सायंकाळ

प्रश्न असा: उत्तर वेल्समधल्या ब्लायनाय फेस्टिनिऑग या स्लेटच्या गावात गेलेल्या बालपणाच्या आठवणी एक जण मराठीत आणत आहेत. पाऊस, चॅपेल, रविवारची शाळा, घरांच्या पाठीशी उभे स्लेटच्या टाकाऊ चुऱ्याचे डोंगर (त्यांच्यापायी १९५१ साली स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान आखताना हे गाव मधोमध असूनही वगळलं गेलं) हे सगळं मराठीत उतरलं. 'हिरायथ' हा दुरावलेल्या गोष्टीच्या ओढीसाठीचा वेल्श शब्द तेवढा अडला. 'स्मृतिरंजन' चालेल का?

नाही चालणार. रंजन कसलं त्यात? हल्ली कुणी गोट्या आणि दूरदर्शन आठवले की झालं स्मृतिरंजन! आणि 'जे घर कधी नव्हतंच त्याची ओढ' ही सगळीकडे फिरणारी व्याख्याही सोडा. वेल्श माणसाला वारलेल्या आजीसाठीही हिरायथ वाटतं, आणि आजी चांगली हाडामांसाची होती.

आता खरी गंमत. 'हिर' म्हणजे लांब, 'आयथ' म्हणजे वेदना, म्हणून हिरायथ म्हणजे दीर्घ वेदना, असं पुष्कळ जण डोळे ओले करून सांगतात. आयथ नावाचा वेदनावाचक जुना शब्द आहे, कबूल. पण 'आयथ' हा भाववाचक प्रत्ययही आहे, आपल्या 'पणा'सारखा. वेल्शमध्ये 'विज्ञान' आणि 'सरकार' या अर्थाच्या शब्दांनाही तेच शेपूट आहे. विज्ञानात वेदना? (सरकारचं मी बोलत नाही.) शिवाय वेल्शच्या नात्यातल्या जुन्या आयरिशमध्ये 'सीर' म्हणजे लांब आणि त्याला तिथला भाववाचक प्रत्यय लागून 'सीरेख्त' म्हणजे ओढ. भावंडं इतकी सारखी दिसत असताना वेदनेला मध्ये आणायचं कारण काय? हिरायथ म्हणजे नुसता लांबपणा, आणि मला तोच जास्त बोचतो.

आयरिशमध्ये जिथे 'स' तिथे वेल्शमध्ये 'ह', आपल्या सप्तच्या जागी फारसीत हफ्त तसा. सूर्याच्या कुळातला वेल्श शब्द 'हाइल'. सनातनमधल्या 'सन'चा, म्हणजे जुन्याचा, भाऊबंद 'हेन'. मग 'हिर'चा आपल्याकडचा नातलग कोण? पोकोर्नी या भाषाशास्त्रज्ञाच्या, युरोप-भारतातल्या भाषांची समान मुळं देणाऱ्या कोशात हिर, सीर आणि लॅटिन 'सेरुस' (उशिराचा) यांच्या पंगतीला संस्कृत 'साय' बसला आहे. म्हणजे सायंकाळ! दिवस लांबून उशीर झाला ती वेळ. कातरवेळी दिवा लागायच्या आत ओसरीवर बसून जे पोटात कालवतं, त्याचं आणि वेल्शांच्या त्या ओढीचं मूळ, या कोशाच्या हिशेबानं, एक. हे कळलं त्या रात्री मी जेवायचा विसरलो होतो. (हिरायथ आणि हुरहुर यांची मात्र सोयरीक जुळवू नका, तो निव्वळ योगायोग.)

हां, तुमचा शब्द. वेल्शमध्ये हिरायथ माणसा'वर' असतं. सर्दीसुद्धा माणसावरच असते. जुनी मराठी 'खंत' तशीच अंगावर येते. आईवेगळं पोर खंत घेतं, विकलेलं जनावर जुन्या गोठ्याची खंत घेऊन वैरण तोंडात धरत नाही. वर्तमानपत्रांनी तिला 'खंत व्यक्त केली'त कोंबून माफी न मागता सुटायची सोय करून ठेवली, म्हणून आपण ती टाकायची का? 'पोरानं गावाची खंत घेतली' असं बिनधास्त लिहा. आणि त्याच वाक्यात 'सायंकाळी' बसवता आलं तर बसवा. वाचकाला काही कळणार नाही, पण मला कळेल.