साहेब सुटले, स्टोअरकीपर अडकला: चौकशी मी करू का?

प्रश्न: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या साधारण चारशे कामगारांच्या कारखान्यात मी एचआर अधिकारी आहे. तांब्याच्या भंगाराचा हिशेब जुळेना म्हणून मी सीसीटीव्ही पाहिला. स्टोअरकीपर रात्री टेम्पोत पोती चढवतोय आणि शेजारी उभे राहून गेटपासवर सही करताहेत आमचे प्रॉडक्शन मॅनेजर! मालक म्हणतात, "मॅनेजरचं नाव काढू नका, ऑर्डर अडकेल. स्टोअरकीपरकडून राजीनामा लिहून घ्या. देत नसेल तर तुम्हीच चौकशी अधिकारी व्हा आणि आठ दिवसांत उरका. ग्रॅच्युइटी द्यायची नाही." त्याची नोकरी सतरा वर्षांची आहे. मी काय करू?

उत्तर: चौकशी अधिकारी होऊ नका. फुटेज तुम्ही शोधलंत, म्हणजे तुम्ही साक्षीदार आहात. उत्तर प्रदेशातल्या मोहम्मद नूह या पोलीस कर्मचाऱ्याच्या चौकशीत अधिकाऱ्याने मध्येच स्वतःची साक्ष नोंदवली आणि पुन्हा खुर्चीत बसून त्याला बडतर्फ केलं. हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितलंय. (बडतर्फी राज्यघटनेच्या आधीची, त्यामुळे नूहला स्वतःला फायदा झाला नाही, ही गोष्ट वेगळी.) बाहेरचा चौकशी अधिकारी नेमा.

राजीनाम्याची युक्ती मालकांच्याच अंगाशी येईल. ग्रॅच्युइटी जप्त करता येते ती गैरवर्तनामुळे नोकरी संपवली तरच. राजीनामा घेतलात की तो मार्ग बंद, पूर्ण रक्कम द्यावी लागेल. शिवाय "पोलिसांत देतो" म्हणून घेतलेला राजीनामा कोर्टात टिकवणं कठीण. पीएफला तर कोणत्याच कारणाने हात लावता येत नाही.

आता मॅनेजर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी कोणी नाही, पण मोठा चोर सुटतोय एवढं नक्की. एकाच कृत्यात सामील असलेल्यांपैकी जास्त दोषी असलेल्याला सौम्य आणि कमी दोषी असलेल्याला कडक शिक्षा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्र यादव प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं. तुमच्याकडे सही साहेबांची आहे, पोती उचलणारा हाताखालचा. मॅनेजर कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' नसेल, तर त्याच्यावरची कारवाई नेमणूकपत्राप्रमाणे चालेल. पण अहवालातून त्याचं नाव गाळायला ते कारण पुरत नाही. ते गाळलंत तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तुम्हालाच येईल: "बाई, फुटेजमधला दुसरा माणूस कोण?"

आठ दिवसांचा हट्टही सोडायला सांगा. घाईगर्दीने काढून टाकणं ही कायद्याच्या यादीतली अनुचित कामगार प्रथा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निलंबित कामगाराची चौकशी सहसा ९० दिवसांत संपवायची असते आणि तोवर निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यायचं असतं. आरोपपत्र, उत्तराला मुदत, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी, हे सगळं त्यात बसतं. चोरी सिद्ध झाली तर बडतर्फी होऊ शकेल. सतरा वर्षांची नोकरी शिक्षा ठरवताना विचारात घ्या, आरोप ठरवताना नको.

आज मात्र डीव्हीआरकडे, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राकडे, धावा. बहुतेक यंत्रणांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. प्रत काढा, गेटपासची मूळ प्रत सील करा आणि दोन्ही नावं असलेला अहवाल मालकांना ईमेलने पाठवा. तोंडी सांगू नका.