वाचकांचे प्रश्न : सांगाडा जुना चालेल, कापूस नवाच

गणपती झाले की घर सजवायचे प्रश्न सुरू होतात, यंदा तर ढीगच आलाय आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, पैसे कमी आहेत, जुनं घेतलं तर चालेल का. त्यातले काही निवडलेत.

नुकतंच लग्न झालंय. विक्रोळीला कन्नमवार नगरात वन रूम किचन भाड्याने घेतलंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि मालकांची अट की भिंतीला खिळा मारायचा नाही. सगळं मिळून हातात ३०,००० आहेत, त्यात बेड, सोफा, कपाट बसवायचंय. सासूबाई म्हणतात दुसऱ्याचं वापरलेलं घरात नको. ताई, काय करू?

पहिलं म्हणजे सोफा यादीतून काढून टाक. वापरलेला सोफा आत काय घेऊन येतोय ते कापड उसवल्याशिवाय कळत नाही, आणि नवा चांगला सोफा या बजेटमध्ये बसत नाही, जो बसतो तो वर्षभरात खाली बसतो. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे असं मी म्हणेन. सांगाडा जुना चालतो, कापूस नवा लागतो. म्हणजे लाकूड, लोखंड, पितळ, काच बिनधास्त जुनं घ्या, पण गादी, उशी, फोम, वायर यातलं काही कुणी फुकट दिलं तरी आणू नका. हे त्यांना असंच सांगून बघ, मला वाटतं पटेल.

मग सोफ्याऐवजी काय, तर दिवाण. जुनी सागवानी नाहीतर लोखंडी सिंगल खाट, तिच्यावर गादीवाल्याकडून नवीन कापसाची गादी भरून घ्यायची, मागे भिंतीला दोन लोड, दिवसा बसायला आणि पाहुणा आला तर झोपायला. कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी परत पिंजून घेता येते, फोमचं तसं नसतं, तो दबला की दबला.

कपाटासाठी लाकडाच्या मागे लागूच नको, लोखंडी घे. विक्रोळीत राहतेस, गोदरेजच्या दारातच आहेस म्हण ना, आणि त्यांची जुनी कपाटं आपल्याकडे अर्ध्या घरांत अजून उभी आहेत. वाळवी नाही, भुंगा नाही, फक्त खालचा तळ बघायचा, वाकून, हात घालून, कारण गंज तिथूनच लागतो, लादी पुसताना पाणी लागून लागून. तळ शाबूत असेल, दार घासत नसेल आणि किल्ली मिळत असेल तर घे. वरवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढायचा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि वर ऑइलपेंट, एका रविवारचं काम आहे. रंग मात्र जरा धीट निवड, करडा नको, करडा रंग आपल्या सरकारी ऑफिसांनी वापरून संपवलाय.

कुठे घ्यायचं. सगळे ओशिवऱ्याला धावतात, जोगेश्वरी पश्चिमेचं ते फर्निचर मार्केट खरंच मोठं आहे, बघण्यासारखं आहे, पण तिथे जुनं म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं जुन्यासारखं दिसणारं नवं असतं. दीडशे वर्षांपूर्वीचं कपाट म्हणून दाखवलं की पुढून बघत बसू नका, ड्रॉवर अख्खा बाहेर काढा आणि मागच्या अंगाचे स्क्रू बघा. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेला स्क्रू १९३० नंतरचा, म्हणजे एकतर वस्तू तेवढी जुनी नाही किंवा मागाहून दुरुस्त केलीये, दोन्हीत भाव खाली यायला पाहिजे. ड्रॉवरच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत दात घालून अडकवल्यात की नुसते खिळे ठोकलेत तेही बघा, दातांचा जोड असेल तर सुताराने मन लावून केलेलं काम आहे.

पण माझं मत विचाराल तर ओशिवऱ्याच्या आधी ज्या बिल्डिंगी रीडेव्हलपमेंटला जातायत तिथे विचारा. लोक ट्रान्झिटला किंवा भाड्याच्या छोट्या जागेत जातात, आजोबांच्या काळचा पलंग कुठे ठेवायचा हा त्यांचा प्रश्न, आणि तुमच्या आसपास हे काम जोरात आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, वॉचमनकडे, इस्त्रीवाल्याकडे नुसतं सांगून ठेवायचं. इस्त्रीवाल्याला कोण घर खाली करतंय ते सेक्रेटरीच्या आधी कळतं.

ऑनलाइन घेणार असाल तर फोटो पायांचे मागवा, पायांचे, वरचे नाही. पार्टिकल बोर्डचं टेबल किंवा शू रॅक असेल तर पायाशी फुगलेलं दिसेल, भुसा दाबून केलेला तो बोर्ड एकदा पाणी प्यायला की गेला, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की परत त्याच भोकात धरत नाही. आपल्या पावसाळ्यात ते टिकत नाही, ते सेकंडहँड घेऊच नका. प्लायची कड बघितली की थर दिसतात, ते चालेल.

तिसरा मजला आणि लिफ्ट नाही हे विसरू नको. जिन्याच्या वळणाची रुंदी टेपने मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेव, बेडचे बोल्ट निघतात का ते पैसे द्यायच्या आधी विचार, जो बेड सुटा होत नाही तो घेऊ नको. टेम्पो आणि हमाली मजल्यावर ठरते आणि ती वस्तूच्या किमतीत धरायची. टेम्पो, हमाली, रंग, दुरुस्ती सगळं धरून नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर सरळ सोडून दे.

खिळ्याचं एवढं टेन्शन घेऊ नको. पडद्याला स्प्रिंगची टेन्शन रॉड मिळते, खिडकीच्या दोन बाजूंत दाबून बसते. फोटो, आरसा भिंतीला टेकवून ठेव, कपाटावर, दिवाणामागे. चिकटवायचे हूक डिस्टेंपरच्या भिंतीवर लावू नको, हूक पडेल आणि रंगाचा पापुद्राही घेऊन पडेल, मग डिपॉझिट कापायला मालकांना कारणच मिळालं.

अंधेरीत चार मित्र राहतो. एकाने ओळखीतून लाकडी सिंगल बेड आणला, सागवान आहे म्हणाले. रोज सकाळी खाली पिठासारखी पूड पडलेली असते. वाळवी आहे का? आणि अजून एक, अंगावर चट्टे उठतायत.

पूड आणि चट्टे, दोन वेगळे पाहुणे आहेत.

पूड पडते तो लाकूड खाणारा भुंगा. नीट बघितलं तर टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल भोकं दिसतील. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या आणि लाकूड बोटाने वाजवल्यावर पोकळ वाजलं असतं. सागवान आहे तर कीड कशी असं म्हणाल, तर सागाचा आतला गडद गाभा किडीला दाद देत नाही पण कडेचं फिकट लाकूड भुंगा खातो, आणि स्वस्तातल्या कामात ते फिकट लाकूड सर्रास वापरतात. भोकं फक्त फिकट पट्ट्यात असतील तर बेड वाचेल. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाचं कीडनाशक मिळतं, हातमोजे घालून सुईच्या सिरींजने एकेका भोकात सोडायचं, सुकलं की भोकं मेणाने बंद करायची आणि खाली काळा कागद अंथरून ठेवायचा. नवीन पूड पडली तर परत तेच. गाभ्यापर्यंत स्क्रूड्रायव्हर सहज शिरत असेल तर मात्र मित्राची ओळख तुटली तरी चालेल, बेड घराबाहेर.

चट्टे बहुधा ढेकणांचे. बोल्ट सोडवा, जोडातल्या फटी आणि स्क्रूची भोकं टॉर्च मारून बघा, काळे बारीक ठिपके आणि पांढरी अंडी दिसली की खात्री झाली. बेड आठवडाभर पॅसेजमध्ये टाकला की मरतात असं कुणी सांगेल, नाही मरत, ढेकूण न खाता कित्येक आठवडे काढतो. नुसत्या उन्हाचाही भरवसा नाही, ऊन लागलं की ते सावलीच्या फटीत सरकतात. साधारण ५० अंशांच्या वर उष्णता फटीच्या आतपर्यंत पोचली की ढेकूण आणि अंडी दोन्ही जातात, म्हणून फटीफटीत वाफ सोडा, चादरी उकळत्या पाण्यातून काढा. चौघांच्याही गाद्या बघा, एकाचीच नाही. तरी राहिले तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि खर्च चौघांत वाटा, यात मैत्री आणू नका.

लालबागला चाळीत आजीची लाकडी मांडणी आहे, तिच्यावर वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर चढलेत. हिरवा, मग निळा, मग अजून काहीतरी. घासून खालचं लाकूड काढायचं आणि पॉलिश करायचंय. घरी दोन वर्षांची मुलगी आहे. पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा घेऊ?

नंबर नंतर, आधी मुलीचं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९०, ठरवली ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा थर आहे तर शिसं आहे असंच धरून चालायचं, बघून कळत नाही. कोरडं घासलं की तीच धूळ चाळीच्या गॅलरीत उडणार, लादीवर बसणार, रांगणारी, तोंडात बोटं घालणारी पोरं ती खाणार, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट. म्हणून मशीन लावून घासायचं नाही, ब्लो लॅम्पने जाळायचंही नाही.

पेंट रिमूव्हर आणा, ब्रशने जाड थर लावा, रंगाला सुरकुत्या पडून तो सुटला की पत्रीने ओलाच खरवडून काढा आणि कागदात गुंडाळून टाका. वास जबरदस्त येतो, तेव्हा खिडक्या उघड्या, हातमोजे, मास्क, गॅस बंद आणि मुलगी त्या दिवशी मामाकडे. कोपऱ्यात राहिलेला रंग वॉटर पेपरने पाणी लावून काढायचा. शेवटी झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकी टाकून द्यायची. कोरं लाकूड दिसलं की मग तुमचे नंबर, ८० ने सुरुवात, मग १२०, शेवटी २२०, आणि कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं घासलं तर पॉलिश चढल्यावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो.

पॉलिश म्हणाल तर मांडणीला फ्रेंच पॉलिश शोभेल. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, सुती कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, परत हात. घाई केली की गेलं. हवेत दमटपणा असला की लाख पांढरट पडते, त्यामुळे पाऊस पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दसऱ्यानंतरच हात घाला. लाखेवर गरम कप ठेवला की गोल डाग उमटतो, मांडणीवर चहा कोण ठेवतंय म्हणा, पण हेच टेबल असतं तर मेलामाइन पॉलिश करा म्हटलं असतं.

आणि खालचं लाकूड साधं निघालं, ठिगळं लावलेलं, तर वाईट वाटून घेऊ नका. चाळीतली कितीतरी मांडणी खोक्यांच्या फळ्यांची असायची. मग परत रंगवा, आता लेबल वाचून शिसं नसलेला रंग आणा.

आईच्या सिल्कच्या आणि कॉटनच्या साड्या आहेत, पडदे शिवू का?

कॉटनच्या शिव. साडी साडेपाच मीटर, दाराचा ७ फुटी पडदा वरखाली दुमडून साधारण २.३ मीटर खातो, म्हणजे एका साडीत दोन पडदे आणि उरलेल्या पदराच्या तुकड्यात दोन कुशनच्या पुढच्या बाजू निघतात. आधी एकदा धुऊन घे, काय आटायचं ते शिवायच्या आधी आटू दे. मागे पांढरं अस्तर लाव नाहीतर पश्चिमेच्या खिडकीत दोन उन्हाळ्यांत रंग उडेल. सिल्क उन्हात विरतं, त्याला कात्री लावू नको. आईला विचारलंस ना?

चोरबाजारातून पितळी जहाजाचा दिवा घ्यायचाय. कधी जाऊ, काय बघू?

मटण स्ट्रीटची, म्हणजे चोरबाजाराचीच, दुकानं शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो तो वेगळा, तिथे पाना-पक्कडपासून एका पायाच्या बुटापर्यंत सगळं असतं, हौस असेल तर जा, खिसा सांभाळा. खिशात लोहचुंबक ठेवा. दिव्याला चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. नाही चिकटलं तरी जहाजाचाच असेल असं नाही, जहाजाचे म्हणून नवे दिवे भरपूर बनतात. दिसायला आवडला तर दिव्याची किंमत द्या, जहाजाची देऊ नका.

आतली वायर आणि होल्डर घरी आल्या आल्या काढून फेका. लोहार चाळीत नवा होल्डर आणि तीन तारांची वायर मिळेल, तिसरी तार दिव्याच्या धातूला जोडून घ्यायची, म्हणजे कुठे वायर उघडी पडली तरी शॉक बसणार नाही, अर्थात घरच्या पॉइंटला अर्थिंग असेल तरच, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बल्ब एलईडीचा, काच तापत नाही.

जुनं वॉशिंग मशीन विकायला ऑनलाइन टाकलं. एकाने घासाघीस न करता हो म्हटलं आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणतोय.

टाकू नका. पैसे आपल्याकडे येताना ना स्कॅन लागतं ना पिन, पिन टाकला की पैसे जातात. टाकला असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला. आणि मुंबईत न बघता, न घासता हो म्हणणारं गिऱ्हाईक आलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

बोरीवलीला बाहेरच्या बाजूची भिंत दर पावसाळ्यात ओली होते, पोपडे येतात. रंगाचा खर्च नको म्हणून स्टिकरवाला वॉलपेपर लावू का?

नको. ओल आतच कोंडते, मागे बुरशी धरते आणि पुढच्या जुलैत वॉलपेपर स्वतःहून खाली येतो. गळती बाहेरून आहे तर सोसायटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाहेरचं काम होऊन भिंत पूर्ण सुकेपर्यंत आतून काही लावू नका, पोपडे खरवडून तशीच मोकळी ठेवा, आणि लाकडी फर्निचर त्या भिंतीपासून चार बोटं लांब.